केटीचा चौथा पाय

आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या कुत्रीचं नाव केटी. चारपैकी तीन पाय पास आणि एक राहिलेला, त्यामुळे बारशाला वेळ लागला नाही. मेसच्या मावशींना हे नाव अजिबात पसंत नाही, त्या तिला ठकी म्हणतात. नाव ऐकून सगळे हसतात आणि मग हळूच विचारतात, "पायाला झालं काय तिच्या?" त्यांच्यासाठी, आणि उद्या ज्यांच्या गल्लीत असं एखादं पिल्लू सापडेल त्यांच्यासाठी हा लेख.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, ती चारेक महिन्यांची असताना गेटजवळ तिला एका बाइकने उडवलं. उजवा पुढचा पाय लोंबकळायला लागला. आम्ही पडलो मेकॅनिकलवाले. हाड मोडलंय, प्लास्टर घालू, विषय संपला! जनावरांच्या दवाखान्यात नेताना तिचं तोंड बँडेजच्या पट्टीने सैलसर बांधलं, कारण दुखावलेलं कुत्रं ओळखीच्या माणसालाही चावतं. एक्स-रे काढला तर हाड धडधाकट. आम्ही एकमेकांना टाळ्या देणार एवढ्यात डॉक्टरांनी पाय सोडून तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा लहान होती. मग त्यांनी चिमट्याने पंजाची बोटं दाबली. केटीने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता यातली गंमत (गंमत कसली!) समजून घ्या. पुढच्या पायाच्या नसा मानेच्या खालच्या टोकाशी मज्जारज्जूतून निघतात आणि काखेत त्यांचं जाळं होतं. धडकेत पाय अंगापासून ओढला गेला, की या नसा मुळापासून उपटल्या जाऊ शकतात, सर्किट बोर्डातून सोल्डरसकट वायर उपटावी तशा. बाहुली मोठी करणाऱ्या नसेची वाटही तिथूनच जाते, म्हणून पायाचं दुखणं डोळ्यात दिसतं. नस वाटेत नुसती चेपली असेल तर ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगाने परत वाढू शकते. काखेपासून पंजापर्यंत 25 सेंटिमीटर धरा, म्हणजे 250 दिवस. मुळापासून उपटलेली नस मात्र आपण होऊन परत जोडली जात नाही. "आशा कमी आहे, पण थोडे महिने थांबून बघू," डॉक्टर म्हणाले.

थांबून बघू म्हणजे नुसतं थांबायचं नाही, हे नंतर कळलं. असा पाय फरपटतो, पंजा उलटा दुमडतो आणि त्याची वरची बाजू सिमेंटवर घासून सोलली जाते. आम्ही वर्कशॉपमध्ये पीव्हीसी पाइप गरम करून झकास पट्टी वाकवली. चौथ्या दिवशी पट्टीच्या काठाखाली जखम! ज्या पायाला संवेदनाच नाही तो दुखतंय म्हणून सांगणार कसा? त्यानंतर कापसाचा जाड थर आला. मधली दोन बोटं उघडी ठेवायला डॉक्टरांनी शिकवलं. बोटं सुजून एकमेकांपासून फाकली किंवा गार पडली की बँडेज घट्ट झालं समजायचं आणि लगेच सोडायचं. पावसात ओलं झालेलं बँडेज तर तासभरही ठेवायचं नाही. शिवाय पिल्लू वाढत असतं. आज मापात बसलेली पट्टी दोन आठवड्यांत आखूड होते. आमच्या अशा पाच झाल्या.

सांधे आखडू नयेत म्हणून दिवसातून दोन-तीनदा प्रत्येक सांधा हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा, दहा-दहा वेळा, जोर न लावता. सबमिशनच्या आठवड्यातही हे चुकलं नाही. (सबमिशन चुकलं, ते सोडा.)

डिसेंबरमध्ये केटी स्वतःचाच पंजा कुरतडायला लागली. नसांना अशी इजा झाली की मुंग्या आल्यासारखं होऊन काही कुत्री असं करतात. जखम हाडापर्यंत जाऊन विष पसरण्याची भीती, म्हणून डॉक्टरांनी पाय काढायला सांगितलं. हॉस्टेलमध्ये दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, अजून 250 दिवस कुठे झालेत? मी त्याच पार्टीत होतो. चार महिने ज्या पायाची मालिश केली तो कापायचा, हे पटतच नव्हतं. पण बोटं दाबली तर अजूनही तिला पत्ता लागत नव्हता आणि जखम रोज वाढत होती. मग कोणीतरी कृत्रिम पायाची आयडिया काढली. 1968 मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी माणसासाठी पाय बनवला, तर आपण कुत्र्यासाठी का नाही? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, कृत्रिम पाय अडकवायला खालचा खुंट लागतो आणि त्या खुंटाला जाण लागते. हिला दोन्ही नाही. गॅदरिंगचे उरलेले पैसे आणि वर्गणी काढून जानेवारीत ऑपरेशन झालं. पाय खांद्यापासून काढला. त्याच भुलीत नसबंदीही उरकली.

तिसऱ्या दिवशी बाईसाहेब मेसच्या दारात हजर!

तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही, पण कुत्रं म्हणजे स्टूल नव्हे. दुडक्या चालीत कुत्र्याचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन-दोन पाय जोडीने पडतात. त्यातली एक जोडी मोडली, म्हणून केटी प्रत्येक पावलाला मान वर टाकून उडी घेते. उरलेला पाय तिने आपणच छातीच्या मध्याकडे घेतलाय. कुत्र्याच्या वजनापैकी साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तो आता बराचसा एका पायावर येतो. म्हणून जपायचं आहे ते या उरलेल्या पायाला.

त्यासाठी पहिली गोष्ट वजन. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना सहज लागाव्यात. बिस्किटं बंद, प्लीज. दुसरी गोष्ट फरशी. लॉबीच्या गुळगुळीत टाइल्सवर ती घसरते, म्हणून तिथे टाकलेलं जुनं रबर मॅट क्रिकेटसाठी उचलू नका. नखं वाढू देऊ नका. जिन्यावरून उडी मारू देऊ नका, उतरताना सगळा दणका त्या एका पायाला बसतो. आणि लंगडताना दिसली तर स्वतःच्या बॅगेतली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेनसारख्या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. रेबीजची लस दरवर्षी द्यायची, तारीख वॉचमन काकांच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे.

राहिला प्रश्न मे महिन्याचा. मेस बंद असते, मावशी गावी जातात आणि आम्ही फायनलवाले तर कायमचेच चाललो. मेसच्या खिडकीला वही टांगलीय. सकाळ-संध्याकाळच्या पाळ्यांपैकी अकरा जागा अजून रिकाम्या आहेत.