प्रशस्त दिवाणखाना आणि लाउडस्पीकर

उत्तम लाउडस्पीकर आणावेत, हौसेने दिवाणखान्यात मांडावेत, आणि तरीही गायकाचे शब्द पुसट यावेत, तबल्याचा डग्गा एका कोपऱ्यात घुमावा व दुसऱ्या कोपऱ्यात नाहीसा व्हावा, असा अनुभव अनेक घरांत येतो. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो आणि अधिक महाग यंत्र घरी येते. वस्तुतः कानी पडणारा ध्वनी जितका यंत्राचा, तितकाच खोलीचाही असतो. बैठक, भोजनाची जागा व स्वयंपाकघर यांमधील भिंती काढून टाकलेल्या घरांत तर खोलीचे हे कार्य विशेष जाणवते.

या शास्त्राचा पाया 1895 साली घातला गेला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे श्रोत्यांना कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे ते काम सोपविण्यात आले. उच्चारलेला ध्वनी तेथे सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. तेवढ्या अवधीत पुढील कितीतरी शब्द त्यात मिसळून जात. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून त्या सभागृहात मांडल्या आणि निनाद किती कमी होतो हे मोजले. निनादाचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो व ध्वनिशोषणाबरोबर घटतो, हा नियम त्यांतून सिद्ध झाला. शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी घेतली. कारण तिच्यातून बाहेर गेलेला ध्वनी परतत नाही.

समजा, दिवाणखाना 9 मीटर लांब, 6 मीटर रुंद व 3 मीटर उंच आहे. त्याचे घनफळ 162 घनमीटर होते. फरशी व भिंती उघड्या असून एकूण शोषण 20 चौरस मीटर उघड्या खिडकीइतके असेल, तर निनाद सुमारे 1.3 सेकंद टिकतो. सतरंजी, जाड पडदे व गादीच्या बैठकी यांनी शोषण दुप्पट केले, की तो निम्म्यावर येतो. शेजारच्या दालनाकडील मोकळी बाजू मात्र पूर्णपणे उघड्या खिडकीसारखी वागत नाही. तिकडे गेलेला ध्वनी काहीसा उशिरा परत येतो.

निवडीच्या वेळी खोलीचा आकार ध्यानात घ्यावा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी 6 डेसिबेलने उतरते. तीच पातळी पुन्हा गाठावयाची, तर विद्युत्‌शक्ती चौपट लागते. खोलीत परावर्तित ध्वनी ही उणीव काहीशी भरून काढतो. पण त्यामुळे शब्दांची स्पष्टता वाढत नाही. म्हणून एका वॉटला 84 ऐवजी 90 डेसिबेल पातळी देणारा लाउडस्पीकर मोठ्या खोलीत अधिक उपयुक्त ठरतो. कारण त्याला एकचतुर्थांश शक्ती पुरते.

मांडणीला तर काहीच खर्च येत नाही. दोन लाउडस्पीकर व श्रोता हे समभुज त्रिकोणाच्या तीन कोनांवर असावेत. उच्च स्वरांचा भाग बसलेल्या श्रोत्याच्या कानांच्या उंचीवर असावा. एक लाउडस्पीकर कोपऱ्यात व दुसरा मोकळ्या बाजूला ठेवू नये. कोपऱ्यातील खर्ज भिंतींमुळे फुगतो व दोहोंचा तोल ढळतो. लाउडस्पीकर मागील भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारा तरंग दोन मीटर अधिक चालून येतो आणि 86 हर्ट्झच्या आसपास मूळ तरंगाला छेद देतो. लाउडस्पीकर थोडा पुढेमागे सरकविला की हा छेद दुसऱ्या स्वरावर जातो. म्हणूनच मागील व बाजूची भिंत सारख्या अंतरावर नसावी.

आपल्या उदाहरणातील खोलीत आणखी एक अडचण दडलेली आहे. तिची तिन्ही मापे 3 च्या पटीत असल्याने लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दिशांतील स्थिर तरंग सुमारे 57 हर्ट्झवर एकत्र येतात. तो एक खर्जस्वर भिंतींजवळ गर्जतो, तर काही ठिकाणी पुष्कळ क्षीण होतो. त्यामुळे श्रोत्याने भिंतीला टेकून बसू नये, आणि खोलीच्या नेमक्या मध्यावरही बसू नये. समोरील दूरच्या भिंतीशी पुस्तकांनी भरलेले कपाट ठेवल्यास तेथून उशिरा परतणारा ध्वनी विखुरतो व प्रतिध्वनी सौम्य होतो.

खर्जाच्या स्वतंत्र लाउडस्पीकरची जागा शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. तो श्रोत्याच्या आसनावर ठेवून खर्जप्रधान ध्वनिमुद्रण लावावे आणि आपण जमिनीलगत कान नेत खोलीभर फिरावे. जेथे खर्ज समतोल ऐकू येईल, तीच त्याची जागा. कारण उगम व श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो. नवे यंत्र घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ या प्रयोगाला द्यावी. दूरच्या खुर्चीवर बसलेल्या वृद्ध श्रोत्यालाही शब्द स्पष्ट कळला, तर मांडणी साधली असे समजावे.