शेवटचा टोला आधी ठरवा

मुलांनो, कॅरममध्ये सोंगटी घेतली की स्ट्रायकर पुन्हा आपल्या रेषेवर ठेवता येतो. 'एट-बॉल पूल' या खेळात ही सोय नाही. पांढरा चेंडू जिथे थांबेल, तिथूनच पुढचा टोला मारावा लागतो.

या टेबलाला सहा पॉकेट असतात. पांढऱ्याशिवाय १५ चेंडू असतात. एका खेळाडूचे १ ते ७ क्रमांकाचे आणि दुसऱ्याचे ९ ते १५ क्रमांकाचे. आपले सातही चेंडू पॉकेटमध्ये घालवल्यावर ८ क्रमांकाचा काळा चेंडू घालवायचा. खेळताना तो मध्येच घालवला, तर डाव हरला!

म्हणून कुशल खेळाडू उलटा विचार करतो. काळा चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालवायचा? त्यासाठी पांढरा चेंडू कुठे हवा? तो तिथे येण्यासाठी आपला कोणता चेंडू शेवटी ठेवावा? असा हिशोब करत तो पहिल्या टोल्यापर्यंत येतो.

पांढरा चेंडू हवा तिथे कसा नेतात? समजा, दोन्ही चेंडू आणि पॉकेट सरळ रेषेत आहेत. पांढऱ्याच्या मध्याच्या वर टोला मारला, तर टक्कर झाल्यावर तो पुढे जातो. खाली मारला, तर मागे येतो. अंतर थोडे असेल आणि टोला मधोमध व जोरात बसला, तर तो तिथेच थांबतो.

एकमेकांना चिकटलेले चेंडू लवकर मोकळे करावेत. ते शेवटी राहिले, तर सोपे चेंडू घालवूनही डाव अडतो.

सोपा चेंडू दिसला की हात शिवशिवतो. पण त्यानंतर पांढरा चेंडू कुठे जाईल, हे आधी पाहा. पुढचा टोलाच उरला नाही, तर खेळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो.