वनरक्षणाची विद्या आणि श्रावकधर्म

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : वाणिज्य की विज्ञान? पेढी सांभाळायची तर वाणिज्य, डॉक्टर वा अभियंता व्हायचे तर विज्ञान, हा हिशेब ठरलेला असतो. अशा वेळी एखादी कन्या म्हणते, ‘‘पप्पा, मला अभयारण्यात काम करायचे आहे,’’ तेव्हा घर क्षणभर निःशब्द होते. ‘‘आपल्यात आजवर कोणी असे केले नाही,’’ एवढेच आजोबा म्हणतात.

परंतु आपल्या परंपरेने वनाचा विचार फार पूर्वी केला आणि तोही थेट व्यापाराच्या संदर्भात केला. श्रावकाच्या उपभोग-परिभोग परिमाण व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. कोळसा पाडण्याचे अंगारकर्म, वृक्षतोडीचे वनकर्म, हस्तिदंताचा व्यापार, रान पेटविणे, तळी आटविणे ही त्यांतलीच. हस्तिदंताचा व्यापार देशात कायद्याने बंद झाला तो १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमामुळे व त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे. श्रावकाला ही मर्यादा शतकानुशतके ठाऊक होती. वनाचा घात करणारा धंदा नाकारणे हे आपल्या कुळाचे व्रत असेल, तर वन राखण्याची विद्या शिकणे त्याला परके कसे ठरेल?

या विद्येचा मार्ग मात्र वेळीच समजून घेतला पाहिजे. भारतीय वनसेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो आणि तिला ठराविक विज्ञान विषय, कृषी, वनविद्या, पशुवैद्यक किंवा अभियांत्रिकी यांतील पदवी लागते. केवळ बी.कॉम. करून हे दार उघडत नाही. म्हणून निर्णय दहावीनंतरच घ्यावा लागतो. निवडीच्या वेळी मुलांना चार तासांत २५ किलोमीटर आणि मुलींना १४ किलोमीटर चालून दाखवावे लागते. सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची स्वतंत्र परीक्षा असते. ज्यांना अधिकारपदापेक्षा अभ्यासाची ओढ आहे, त्यांच्यासाठी देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्था आहे. ही संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. तेथे वन्यजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळते. वनविद्येची पदवी आपल्या राज्यात दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत घेता येते. वाणिज्य शाखेतील मुलांनीही निराश होऊ नये. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेशपरीक्षेद्वारे जाता येते.

प्राणिशास्त्र म्हटले की विच्छेदन आठवून अनेक पालक मागे सरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर वर्गांतील प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले, हे त्यांनी जाणून घ्यावे.

खरा प्रश्न याहून कठीण आहे. आपली जीवदया एकेका जीवाकडे पाहते. पांजरपोळात आलेली लंगडी गाय आपल्यासाठी एक संपूर्ण जीव असते. वनाधिकाऱ्याला संपूर्ण वनाकडे पाहावे लागते. वाघाच्या तोंडातून हरिण सोडविणे हे त्याचे काम नव्हे. विदर्भातील कोरड्या रानात वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी गवताचा पट्टा मुद्दाम जाळून जाळरेषा आखतात. त्या पट्ट्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वाघ पकडणे अशक्य झाले, तर त्याला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकाला दिला आहे. त्या खुर्चीवर उद्या आपली कन्या असू शकेल.

याचे सोपे उत्तर नाही आणि ते आहे असे भासवू नये. आपल्या शास्त्रकारांनी मात्र हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद करून गृहस्थाची अडचण ओळखली आहे. मारण्याच्याच इच्छेने केलेली संकल्पी हिंसा त्याने सर्वथा सोडावी. उरलेली यतनेने, म्हणजे सावधपणे, कमीत कमी करावी. जाळरेषा आखणाऱ्याचा हेतू हजारो एकर वन वाचविण्याचा असतो. तरीही त्या आगीची बोच ज्याच्या मनाला लागते, तो पट्टा गरजेपेक्षा हातभरही रुंद करणार नाही. अशा मनाची माणसे त्या खात्यात असणे वनाच्या हिताचेच आहे.

संसाराच्या अडचणीही आहेत. नेमणूक दूरच्या गावी होते, बदल्या होतात, चौविहार सांभाळणे काही दिवशी कठीण जाते. वेतन निश्चित असले तरी पेढीची भरभराट तेथे नाही. हे मुलांना आधीच सांगावे. पण भीती घालण्यासाठी नव्हे, तर तयारीसाठी.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद केली जाते. त्यात सामान्य नागरिकांनाही सहभागी होता येते. जिच्या मनात ही इच्छा आहे तिला घेऊन पालकांनी एकदा त्या मचाणावर बसावे. न बोलता, न हलता रात्रभर बसणे आपल्याला सामायिकामुळे नवीन नाही. पहाटे ती कन्या तितक्याच उत्सुकतेने वहीत नोंदी करीत असेल, तर वाणिज्य की विज्ञान या प्रश्नाचे उत्तर पप्पांना आणि आजोबांनाही मिळालेले असेल.