ठोकळ्यापासून लिलावापर्यंत

५ जुलै १९९३च्या ‘न्यू यॉर्कर’मध्ये पीटर स्टायनर यांचं एक व्यंगचित्र आलं. संगणकासमोर खुर्चीत बसलेला कुत्रा जमिनीवरच्या सोबत्याला सांगतोय, की इंटरनेटवर आपण कुत्रे आहोत हे कुणाला कळत नाही. पुढे इंटरनेट घरोघरी पोचलं आणि चित्र जगभर गाजलं. ऑक्टोबर २०२३मध्ये ‘हेरिटेज ऑक्शन्स’च्या लिलावात मूळ चित्राला १ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. एका चौकटीच्या व्यंगचित्रासाठी हा विक्रम होता.

जुन्या चित्रांच्या नशिबी एवढं भाग्य नव्हतं. लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकासाठी व्यंगचित्रकार जॉन टेनिएल थेट लाकडी ठोकळ्यावर पेन्सिलीनं चित्र काढत. कारागिरानं ठोकळा कोरला, की मूळ रेषा संपल्याच! त्यामुळे त्या काळची पूर्वतयारीची रेखाटनंच मुख्यतः हाती लागतात. छायाचित्रणाच्या मदतीनं चित्र ठोकळ्यावर उतरवता येऊ लागलं, तेव्हा कुठे कागदावरचं मूळ चित्र वाचू लागलं.

नाकारलेलं चित्रही कधी भाव खातं. चित्रकथाकार एर्जे यांनी १९३६मध्ये टिनटिन या आपल्या नायकाच्या ‘द ब्लू लोटस’ या पुस्तकासाठी रंगवलेलं मुखपृष्ठ छपाईला महाग म्हणून बाजूला पडलं. जानेवारी २०२१मध्ये पॅरिसच्या लिलावात, घड्यांच्या खुणांसकट, ते सुमारे ३२ लाख युरोंना गेलं.

मूळ चित्रातली पांढऱ्या रंगानं झाकलेली चूक, समासातल्या संपादकाच्या खुणा यांवर संग्राहक जीव टाकतात. मात्र मूळ चित्र विकत घेतल्यानं ते छापण्याचा हक्क मिळत नाही. तो वेगळा विकत घ्यावा लागतो.