चौदा घरांचा रूपक

ग्रूव्हबॉक्सवर सोळा घरांची एक पट्टी असते. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात किक ड्रम टाकला की कुठल्याही वरातीत खपेल असा ठोका पाच सेकंदांत तयार. डब्याची घडणच त्यासाठी आहे. ‘रोलँड’ने 1996 मध्ये ‘एमसी-303’ बाजारात आणताना ‘ग्रूव्हबॉक्स’ हे नाव रूढ केलं. ठेके, बेस, सिंथ आणि ते सगळं नोंदवून फिरवत ठेवणारा सिक्वेन्सर, असा सगळा संसार एका डब्यात. गिऱ्हाईकही ठरलेलं : टेक्नो आणि हाउस वाजवणारी मंडळी.

माझ्याकडे ‘नोवेशन’चा ‘सर्किट ट्रॅक्स’ आहे, 2021 चं मॉडेल. बुऱ्हाणपुरात मी तो वापरतो भजनाच्या तालमीला आणि संध्याकाळच्या रागांना. वरातीचं काम इथल्या बँडवाल्यांना उत्तम जमतं, त्यात मी पडत नाही.

रूपकापासून सुरुवात करावी, कारण रूपक डब्याच्या स्वभावाच्या थेट उलट आहे. सात मात्रा, प्रत्येकीला दोन घरं, म्हणून पॅटर्न चौदाव्या घरावर तोडायचा. उरलेली दोन घरं बंद. बोल आहेत तीं तीं ना, धीं ना, धीं ना. पहिल्या तीन मात्रांत डग्गा घुमत नाही, समेवरच काल आहे. म्हणजे जिथं हा डबा सगळ्यात जोरात आपटू पाहतो, नेमकं तिथंच त्याला गप्प बसवायचं. किक जातो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, घरांच्या हिशेबात सातव्या आणि अकराव्या घरात. पहिल्या घरात फक्त एक कोरडी, किनारीसारखी टिचकी. ‘ना’ची घरं किंचित मागे सरकवायची. या डब्यात एका घराचे सहा बारीक भाग पडतात, त्यातला एक भाग पुरतो. दोन सरकवले की ठेका लंगडतो.

एवढं जमवून आमच्या गल्लीतल्या एका जुन्या पखवाजियांना ऐकवलं. त्यांनी मांडीवर दोन आवर्तनं मोजली आणि म्हणाले, “मात्रा बरोबर आहेत भाऊ, पण सम कुठंय?”

प्रश्न बिनतोड होता. डबा चौदाव्या घरावरून पहिल्यावर जातो तो पाचव्यावरून सहाव्यावर जावा तसाच. त्याला फेरा कळतो, येणं कळत नाही. तबलजी समेच्या आधी दोन मात्रा सांगू लागतो की आता येतोय, वजन बदलतो, तिहाई धरतो. ते सगळं हातानं भरावं लागतं. सहाव्या मात्रेचा किक लांबवायचा, म्हणजे त्याची घुमक सातवीवर पसरते आणि पहिली मात्रा येते तेव्हा खाली मोकळी जागा झालेली असते. दर चौथ्या आवर्तनाला तिहाईचा वेगळा पॅटर्न साखळीत जोडायचा. आणि तानपुऱ्यासाठी लावलेल्या सिंथचा फिल्टर समेवर जरासा उघडायचा. हे शेवटचं सगळ्यात परिणामकारक ठरलं; ठेक्यानं न सांगता सुरानं सम सांगितली तर डब्याचा यांत्रिकपणा निम्मा झाकला जातो.

सुरांकडे वळलो तर एक गंमत आहे. या डब्यात सोळा स्वरसप्तकं तयार दिलेली आहेत. ब्लूज आहे, हंगेरियन मायनर आहे, आणि त्याच रांगेत मारवा आणि तोडी. वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी राग दहा थाटांत बसवले, त्यातले हे दोन. थाट म्हणून यादी बिनचूक आहे. राग म्हणून मात्र पहिल्याच फटक्यात घात होतो, कारण मारवा थाटात पंचम आहे आणि मारवा रागात तो वर्ज्य. पॅडवर पंचम समोर चकाकत असतो आणि बोट तिथं न नेण्याची सवय लावून घ्यावी लागते. षड्जावरही ठाण मांडायचं नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर सगळा भार. तानपुऱ्यात पंचमाऐवजी निषाद ठेवायचा. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून केसभर बेसूर केले की आवाजात हलकी लाट येते. जवारी नव्हे ती, पण सुराला जीव येतो. मींडेसाठी ग्लाइडची सोय आहे. तिचा दोष असा की ती एका सुरावरून दुसऱ्यावर सरळ घसरते, वाटेत रेंगाळत नाही. म्हणून मी आलाप डब्याकडून करवून घेत नाही. तो गळ्यानं किंवा हार्मोनियमवर, आणि डबा मागे.

वाद्य आणि वळण यांची ही ओढाताण आपल्याकडे नवी नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा वगैरे मंडळींनी त्यावर जे केलं त्यातल्या बऱ्याचशा कामाचा नाचाशी काही संबंध नव्हता. मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडची टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 ही तीन यंत्रं घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’चा गवगवा व्हायला अजून पाच वर्षं होती. 2010 च्या पुनर्मुद्रणानंतर जग त्यांना त्या नाचाचा आद्यपुरुष म्हणू लागलं. मला त्या तबकडीत डिस्कोचा ठोका सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. टीबी-303 ची ती घसरती स्वररेषा राग धरून चालते, तिथं कान लावावा.

बुऱ्हाणपुरात राहून मागाचा आवाज टाळता येत नाही. यंत्रमागाच्या मोहल्ल्यात दुपारी उभं राहिलं तर धोट्याची खटखट एकच वाटते. थोडं थांबलं की कळतं, प्रत्येक माग आपल्या चालीनं चाललाय, आणि शेजारशेजारचे दोन माग कधी जुळतात, कधी फाटतात. मोबाइलवर तो आवाज घेतला, त्यातला एकच ठोका कापून डब्यात घातला. तोच ठोका दोन ट्रॅकवर : एक सोळा घरांचा, दुसरा पंधरा घरांचा. लय मिनिटाला साठ, म्हणजे सेकंदाला चार घरं. दोघे एकत्र निघतात आणि लगेच फुटतात. मधे कधी तिश्रासारखं काही ऐकू येतं, कधी नुसता गोंगाट. दोनशे चाळीस घरांनंतर, बरोबर एका मिनिटानं, दोन्ही ठोके एकावर एक पडतात. ती जागा जवळ येऊ लागली की कान आपोआप ताठ होतात. हा तुकडा पखवाजियांना ऐकवला तेव्हा त्यांनी जुळणीच्या ठोक्यावर मांडीवर थाप दिली आणि वर पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं.

त्या तुकड्यावर मी मारव्याचा निषाद-षड्ज नुसता धरून ठेवतो. ठेका वेगळा लावत नाही. राजघाटावर तापीकाठी बसून हेडफोनवर ऐकलं तर हे संगीत म्हणून उभं राहतं. लोकांसमोर स्पीकरवर लावलं तर पहिल्या मिनिटात कुणीतरी विचारतं, गाणं कधी सुरू होणार. दोन्ही प्रतिक्रिया रास्त आहेत.

विलंबित ख्यालाला हा डबा घेऊ नये, हे स्पष्ट सांगतो. लय चाळिसाच्या खाली उतरत नाही. घरांचा वेग बदलून, दोन घरांची एक मात्रा धरून एकताल तीन सेकंदांच्या मात्रेपर्यंत खेचता येतो, पण त्या दोन ठोक्यांमधलं भरणं त्याला येत नाही. तिथं साधा इलेक्ट्रॉनिक तबलाही जास्त कामाचा. मध्य लयीतलं भजन, रूपक, झपताल, आणि ज्याला तालच नाही असं काहीबाही, इथं तो चोख चालतो.

तुमच्याकडे असा डबा कपाटात पडून असेल तर त्यातले तयार पॅटर्न पुसा, पट्टी चौदा घरांवर तोडा आणि पहिल्या घरातला किक काढून टाका. पुढचं तबलजीला शेजारी बसवून करा.