टायरमधली हवा आणि लखनौचे ऋतू

आग्रा–लखनौ एक्स्प्रेसवेचं उद्घाटन २१ नोव्हेंबर २०१६ रोजी झालं. त्या दिवशी उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊजवळ वायुसेनेच्या मिराज-२००० आणि सुखोई-३० विमानांनी या रस्त्यावर चाकं टेकवून पुन्हा झेप घेतली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सी-१३०जे सुपर हर्क्युलिस हे अवजड मालवाहू विमानही इथे उतरलं. रस्त्यावर विमान उतरतं याचं अप्रूप वाटायलाच हवं. पण त्याच ३०२ किलोमीटरच्या रस्त्यावर साध्या मोटारी रोज जे करतात, तेही कमी नवलाचं नाही. टनभर वजनाची गाडी, आत चार-पाच माणसं, ताशी शंभर किलोमीटरचा वेग, आणि हा सगळा भार पेलून धरते ती चार टायरांत कोंडलेली हवा.

हिशेब करून पाहावा. माणसं आणि सामान धरून एका छोट्या मोटारीचं वजन १३०० किलो मानलं, तर एका चाकावर सव्वातीनशे किलो येतात. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३३ पौंड आहे. किलोच्या भाषेत हे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो झाले. भागाकार केला की टायरचा रस्त्याला टेकलेला भाग निघतो साधारण १४० चौरस सेंटीमीटर, म्हणजे टपालाच्या पोस्टकार्डाहून जेमतेम मोठा. टायरच्या कडांचा ताठपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित हलतो. तरी ब्रेक लागणं, वळण घेणं, पावसात रस्ता धरून ठेवणं, सगळं या चार तुकड्यांवर चालतं. त्यांचा आकार ठरवते आतली हवा. ती कमी झाली की टायर बसतो, कडा घासतात आणि मधला भाग नीट टेकत नाही. जास्त झाली की मधलाच पट्टा झिजतो आणि पकड सुटते.

ही कल्पना तशी जुनी आहे. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ केलं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसननं १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते वापरात रुजलं नाही. बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन डनलॉप यांनी १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती नव्यानं शोधली, आणि १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांची मोटार उतरवली. आज आपण ज्या व्हॉल्व्हमधून हवा भरतो, तो श्रेडर व्हॉल्व्हही १८९० च्या दशकातला आहे. सव्वाशे वर्षांत मोटारीत जवळजवळ सगळं बदललं. हा बोटाच्या पेराएवढा तुकडा मात्र तसाच राहिला, कारण त्याहून सोपं आणि खात्रीचं काही सापडलं नाही.

लखनौत या हवेची खरी परीक्षा होते. गंगेच्या मैदानातलं, समुद्रापासून फार दूर असलेलं हे शहर. मे-जूनमध्ये लू वाहते, पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. जानेवारीच्या धुक्यातल्या सकाळी तोच पारा ५-६ अंशांवर, कधी त्याखालीही येतो. बंद भांड्यातल्या हवेचा दाब तिच्या तापमानाबरोबर वरखाली होतो, हे फ्रान्सचे गियोम अमॉन्टाँ यांनी १७०० च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं. टायर हे असंच बंद भांडं आहे. मोटारीच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सियसला साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो.

समजा, जूनच्या सकाळी ३५ अंशांत एखाद्यानं ३३ पीएसआय हवा भरली. गेज दाखवतं तो आकडा बाहेरच्या वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब असतो, म्हणून हिशेबासाठी त्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे. ते झाले ४७.७. जानेवारीत ६ अंशांच्या सकाळी हा एकूण दाब ४३.२ वर उतरतो आणि गेज दाखवतं साडेअठ्ठावीस. पंक्चर नाही, खिळा नाही, तरी साडेचार पीएसआय गेले. शिवाय रबरातून, व्हॉल्व्हमधून आणि रिमच्या सांध्यातून महिन्याला जवळपास एक पीएसआयपर्यंत हवा झिरपत असते. पावसाळ्यापासून ज्यानं टायरकडे पाहिलंच नाही, त्याचा टायर थंडीत २५ च्याही खाली गेलेला असू शकतो. डोळ्यांना हे दिसत नाही. आजचे रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडे फुगलेले दिसतात, म्हणून नुसतं पाहून किंवा लाथ मारून अंदाज बांधण्याला काही अर्थ नाही.

मुंबईच्या माणसाला हा ऋतूंचा खेळ फारसा जाणवत नाही. समुद्र तिथलं तापमान सांभाळून धरतो. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या वाचकांना मात्र लखनौची गोष्ट आपलीच वाटेल.

उंचीचाही परिणाम होतो. लखनौची कुटुंबं उन्हाळ्यात नैनितालला जातात. लखनौ समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटरांच्या आसपास, नैनिताल दोन हजारांच्या वर. तिथे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे तीन पीएसआयनं कमी असतो, म्हणून गेजवरचा आकडा तेवढा वाढायला हवा. पण चाळीस अंशांतून बावीस अंशांत आल्यामुळे आतला दाब पावणेतीननं उतरतो. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात आणि गेज पुन्हा तेहतीसच्या आसपास थांबतं. निसर्गाचा हा जमाखर्च मला फार सुंदर वाटतो. मुंबईहून महाबळेश्वरला जाताना नुसत्या उंचीपोटी आकडा दोनच्या वर वाढतो.

आता ज्या समजुतीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येतो. लखनौत काय किंवा विदर्भात काय, उन्हाळ्यात हमखास सल्ला मिळतो: हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, नाहीतर गरमीनं टायर फुटेल. ऐकायला पटतं. उन्हानं हवा प्रसरण पावते, दाब वाढतो, टायर फुटतो. पण घडतं ते उलट. लांबच्या प्रवासात गरम झालेल्या टायरमध्ये दाब चार-सहा पीएसआयनं वाढतो, आणि ही वाढ बनवणाऱ्यानं आधीच हिशेबात धरलेली असते. चांगल्या स्थितीतला टायर त्याच्या कितीतरी पट दाब सोसतो. त्याला मारते ती त्याच्याच अंगात तयार झालेली उष्णता, आणि ती वाढते हवा कमी असल्यामुळे.

चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग रस्त्यावर येतो तेव्हा दबतो आणि वर गेल्यावर सुटतो. दबताना रबर जेवढी ऊर्जा घेतं तेवढी सुटताना परत देत नाही, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. छोट्या मोटारीच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी शंभरच्या वेगानं चाक सेकंदाला चौदाहून अधिक फेरे घेतं. आग्र्याहून लखनौला पोचेपर्यंत त्याच टायरचा तोच भाग दीड लाखाहून जास्त वेळा दबतो आणि सुटतो. हवा पुरेशी असेल तर हे दबणं थोडं असतं. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात खोल वाकते, उष्णता साठत जाते, रबर आणि आतल्या पोलादी तारांच्या पट्ट्यांमधली पकड सैल होते. एका क्षणी वरचा थर सोलून निघतो किंवा बाजू फाटते. मे महिन्याच्या दुपारी रस्ताच साठ अंशांच्या आसपास तापलेला असतो, तिथे ही उष्णता बाहेर जायला वाव उरत नाही. गावातल्या चाळीसच्या वेगाला जो टायर वर्षभर कुरकुर करत नाही, तो एक्स्प्रेसवेवर तासाभरात हात टेकतो तो यामुळे. ढाब्यावर थांबून गरम टायरमधली हवा सोडणारा माणूस टायर वाचवत नाही. ३८ दिसतात म्हणून त्यानं ३३ केले, तर टायर थंड झाल्यावर ते अठ्ठावीसच्या आसपास उरतील.

याची फार मोठी किंमत जगानं मोजली आहे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीनं पासष्ट लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर त्यांचे वरचे थर सुटून गाड्या उलटत होत्या, आणि अमेरिकेतल्या २७१ मृत्यूंशी या टायरांचा संबंध जोडला गेला. दोष टायरच्या बांधणीतही होते. पण फोर्डनं हवा फक्त २६ पीएसआय सुचवली होती, आणि घटना मुख्यतः उष्ण राज्यांत, वेगात घडत होत्या. त्यानंतर अमेरिकेनं कायदा करून नव्या मोटारींत हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची केली. आपल्याकडेही आता बऱ्याच गाड्यांत ती येते. ती असावीच. मात्र अमेरिकेच्या नियमानुसार दिवा लागतो तो हवा चौथ्या हिश्शानं कमी झाल्यावर, म्हणजे ३३ ची २५ झाल्यावर. दिवा लागला नाही याचा अर्थ हवा बरोबर आहे असा घेऊ नये.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली, गुळगुळीत झालेले टायर असलेल्या गाड्या अडवल्या. ताशी १२० ची मुभा असलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर हे पाऊल योग्यच होतं. माझ्या मते झिजलेल्या टायरइतकंच लक्ष हवेकडेही द्यायला हवं.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक नियतकालिकानं ३१ प्रकारचे टायर वर्षभर उघड्यावर ठेवून पाहिले. ३० पीएसआयपासून सुरुवात करून साध्या हवेचे ३.५ पीएसआय गेले, नायट्रोजनचे २.२. तापमानाबरोबर दोन्ही सारखेच वरखाली होतात. फरक आहे, पण दर महिन्याला हवा तपासणाऱ्याला त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. विमानांची गोष्ट वेगळी. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७ चा साध्या हवेनं भरलेला टायर ब्रेकच्या उष्णतेनं तापून उड्डाणानंतर फुटला आणि विमानातल्या सगळ्या १६७ जणांचा जीव गेला. मोठ्या प्रवासी विमानांच्या टायरांत दाब दोनशे पीएसआयच्या घरात असतो, आणि तिथे नायट्रोजनच भरतात.

मोटारीच्या मालकाला करायचं ते थोडंच आहे. आपल्या गाडीला किती हवा हवी हे ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तिथे दोन आकडे असतात, एक मोजक्या माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. सगळं कुटुंब आणि सामान घेऊन अयोध्येला निघाला असाल तर दुसरा आकडा तुमचा. टायरच्या बाजूवर ठसवलेला कमाल आकडा ही त्या टायरची मर्यादा असते, तो गाडीसाठी सुचवलेला दाब नव्हे. हवा मोजायची ती टायर थंड असताना: गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा एक-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. उन्हात उभ्या गाडीच्या उन्हाकडच्या टायरात आकडा जास्त दिसतो, म्हणून सकाळच उत्तम. फ्रान्सच्या युजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी नळी आजही तबकडीच्या गेजमध्ये काम करते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. असं एक गेज स्वतःजवळ ठेवावं, कारण पंपावरचं गेज दिवसभर आपटत असतं आणि चुकू शकतं. हवा भरून झाली की व्हॉल्व्हचं टोपण परत लावा, त्यानं धूळ आणि पाणी बाहेर राहतं.

मे संपण्याआधी आणि थंडी पडल्यावर पहिल्या आठवड्यात तर तपासाच, एरवी महिन्यातून एकदा, आणि एक्स्प्रेसवेला लागण्याआधी प्रत्येक वेळी. तेल कंपन्यांच्या नियमांनुसार पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळायला हवी. ती हक्कानं मागा, आणि स्टेपनीतही भरून घ्या.