झुकझुक आली कोठून?

आगगाडीचे चित्र दाखविले की लहान मूलही चटकन ‘झुकझुक गाडी’ म्हणते. पण आज भुसावळच्या फलाटावर तासभर उभे राहा. एकही गाडी झुकझुक करणार नाही. विजेचे इंजिन गुणगुणते, डिझेलचे घरघरते. मग हा आवाज होता तरी कशाचा?

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत रूळ थळ घाट ओलांडून खानदेशात आले आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचले. भुसावळ हे मोठे जंक्शन बनले. तेथील लोकोशेडमध्ये रात्रंदिवस इंजिने पेटविली जात, धुतली जात, दुरुस्त होत. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. पुढे पाचोरा-जामनेर ही अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडीही आली.

कुकरपासून इंजिनापर्यंत

घरचा कुकर आठवा. झाकण घट्ट असल्याने वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. १९५० पासून मालगाड्यांसाठी वापरात आलेल्या ‘डब्ल्यू.जी.’ इंजिनाच्या बाष्पकात, म्हणजे बॉयलरमध्ये, कुकरच्या सुमारे १४ पट दाब असे. तेथे पाणी जवळजवळ २०० अंशांवर उकळे. बाष्पकातून अनेक नळ्या जात. नळ्यांच्या आतून भट्टीतील तप्त वायू वाहत आणि बाहेरून पाणी त्यांना वेढून असे. त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ उष्णता पाण्याला मिळे.

ही वाफ सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला ढकली. एकदा पुढून, एकदा मागून. दट्ट्याच्या दांड्याने चाक फिरे. काम संपलेली वाफ जोराने धुरांड्यातून बाहेर पडे, तीच आपली ‘झुक’!

इंजिनाला दोन सिलिंडर असत. प्रत्येकातून चाकाच्या एका फेऱ्यात दोनदा वाफ सुटे, म्हणजे एका फेऱ्यात चार ‘झुक’. दोन्ही बाजूंचे दांडे चाकांना एकमेकांशी काटकोनात जोडलेले असत. का बरे? दट्ट्या अगदी टोकाला पोचला की त्याच्या ढकलण्याने चाक फिरत नाही. दोन्ही दट्टे एकाच वेळी टोकाला आले, तर गाडी जागची हलणार नाही. काटकोनामुळे एक अडला तरी दुसरा जोरात असे.

आणखी एक गंमत पाहा. धुरांड्यातून वेगाने निघणारी वाफ भट्टीतील धूर आपल्याबरोबर ओढून नेई. त्यामुळे भट्टीत ताजी हवा शिरे. चढावर इंजिनाला अधिक कष्ट पडत, वाफ जोराने सुटे, हवा अधिक ओढली जाई आणि आग आपोआप भडके! जितके काम, तितकी आग.

एका चुकीची किंमत

भट्टीच्या छतावर पाण्याचा थर नेहमी असावा लागे. तो आटला की छताचे लोखंड तापून मऊ पडे आणि प्रचंड दाबाखाली फाटे. म्हणून ड्रायव्हर आणि फायरमन यांची नजर पाण्याच्या काचनळीवर खिळलेली असे. छतात शिशासारख्या लवकर वितळणाऱ्या धातूचे बूच बसविलेले असे. पाणी उतरले की ते वितळे, वाफ भट्टीत शिरे आणि धोक्याची सूचना मिळे. पाण्यातील क्षारही त्रासदायक. पातेल्याच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर बाष्पकात साचे. म्हणून ठरावीक दिवसांनी बाष्पक धुवावा लागे.

इतके करूनही कोळशाच्या १०० भाग उष्णतेपैकी जेमतेम ६ ते ८ भाग गाडी ओढण्याच्या कामी येत. बाकीची धुरांड्यातून वाया जाई. येथेच हे इंजिन हरले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी-भुसावळ मार्गावर वीज आली. १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्याने ‘अंतिम सितारा’ हे आपले शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन बांधले आणि १९९५ च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक थांबली. पाचोरा-जामनेर गाडीने आधीच डिझेल स्वीकारले होते. तीही २०२० मध्ये बंद पडली.

काय जपायचे?

चौथऱ्यावर रंगवून ठेवलेले इंजिन पेंढा भरलेल्या वाघासारखे असते. रूप दिसते, डरकाळी ऐकू येत नाही. चालते इंजिन जपणे मात्र अवघड. त्याचा बाष्पक तपासावा लागतो, सुटे भाग नव्याने घडवावे लागतात. तरीही ते अशक्य नाही. १८५५ मध्ये बांधलेले ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावू लागले. रेवाडीच्या शेडमध्येही वाफेची इंजिने चालत्या स्थितीत राखली आहेत.

पण आग कशी रचावी, चढ येण्याआधी किती कोळसा टाकावा, आवाजावरून बिघाड कसा ओळखावा, हे ज्ञान लोखंडात नसते. ते माणसांच्या हातांत आणि कानांत असते. ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे येथे कोणाचे आजोबा लोकोशेडमध्ये असतील, तर त्यांच्याजवळ बसा, प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत उतरवून ठेवा. हे काम पुढच्या सुटीवर ढकलू नका.

करून पाहा : डब्ल्यू.जी. इंजिनाच्या चालक चाकाचा व्यास १.५६२ मीटर होता. चाळीसगाव-धुळे अंतर सुमारे ५६ किलोमीटर धरा. अशा इंजिनाने तेवढ्या प्रवासात किती वेळा ‘झुक’ केले असते? (उत्तर : चाकाचे सुमारे ११,४०० फेरे, म्हणजे सुमारे ४५,६०० वेळा.)